जुन्या मोटारसायकलसाठी नवी बॅटरी कशी निवडावी: आधी गाडी तपासा, मग दुकानात जा

माझी पल्सर १५० ही २००७ सालची. वडिलांनी घेतलेली, आता मी चालवतो. मधल्या काळात या गाडीने सव्वादोन वर्षांत दोन बॅटऱ्या खाल्ल्या. पहिली अकरा महिन्यांत गेली, दुसरी सव्वा वर्षात. दोन्ही वेळा लक्षण तेच. सकाळी सेल्फ मारला की आतून नुसतं टक-टक, मीटरचा उजेड मंदावलेला, आणि मी थेट बॅटरीच्या दुकानात. दोन्ही वेळा दुकानदाराने जुनी बॅटरी उचलून पाहिली, ‘गेली ही’ म्हटलं आणि नवी दिली. गाडीला मल्टीमीटर, म्हणजे व्होल्ट मोजायचं यंत्र, कुणी लावला नाही, मीही लावा म्हणालो नाही.

तिसऱ्या वेळी मिरजेतल्या एका वयस्कर वायरिंगवाल्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी बॅटरीला हात लावायच्या आधी विचारलं, “पाणी किती दिवसांनी टाकता?” मी म्हटलं, पंधरा दिवसांनी, उन्हाळा आहे म्हणून लागत असेल. “उन्हाळ्याचं नाही ते. गाडी बॅटरीला शिजवतीय.” गाडी चालू केली, ॲक्सिलरेटर थोडा पिळला आणि मल्टीमीटर दाखवला. आकडा १५.६ व्होल्ट, जो १४.५ च्या पुढे जायला नको. आरआर युनिट (रेग्युलेटर-रेक्टिफायर), म्हणजे मॅग्नेटकडून, इंजिनबरोबर फिरून वीज तयार करणाऱ्या भागाकडून, येणारी वीज सरळ करून आटोक्यात ठेवणारा डबा, खराब झाला होता. तो बदलला, मग नवी बॅटरी बसवली. त्या बॅटरीला आता पाचवं वर्ष चालू आहे.

म्हणून जुन्या गाडीची बॅटरी निवडायची म्हणजे पहिलं काम गाडी तपासण्याचं, हे मी जीव तोडून सांगतो. त्यासाठी एक साधा डिजिटल मल्टीमीटर लागतो. तो नव्या बॅटरीच्या किमतीपेक्षा बराच स्वस्त मिळतो आणि आयुष्यभर पुरतो.

पायरी १: बॅटरी खरंच गेली आहे का?

साइड पॅनेल उघडा आणि आधी टर्मिनल बघा. पांढरी-हिरवट भुकटी साचली असेल, नट ढिला असेल, काळी वायर जिथे चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, बसते तिथे गंज असेल, तर चांगली बॅटरीही मेल्यासारखी वागते. खाण्याचा सोडा पाण्यात कालवून जुन्या टूथब्रशने भुकटी साफ करा, कोरडं करा, नट घट्ट करा. हे पाणी बॅटरीच्या झाकणांतून आत जाऊ देऊ नका. फ्यूजच्या डबीतला संपर्कही बघा. निम्म्या वेळा काम इथेच होतं.

तरी भागलं नाही तर मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा. लाल टोक प्लसला, काळं मायनसला. गाडी किमान तीन-चार तास उभी असली पाहिजे. नुकत्याच बंद केलेल्या गाडीत बॅटरी खोटा चढा आकडा दाखवते.

शिशाच्या बॅटरीतला एक सेल पूर्ण भरला की साधारण २.१ व्होल्ट देतो. बारा व्होल्टच्या बॅटरीत असे सहा सेल असतात, म्हणून भरलेली बॅटरी १२.६ ते १२.७ दाखवते, सीलबंद बॅटरी १२.८ किंवा किंचित वरही दाखवते. १२.४ म्हणजे पाऊण भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी, १२ म्हणजे तळाला आलेली. आणि चार्ज करूनही आकडा १०.५ च्या आसपासच अडकला असेल, तर १२.६ वजा २.१ करून बघा: एक सेल शॉर्ट झाला आहे. त्या बॅटरीवर पुढे खर्च करू नका.

१२ च्या आसपासची बॅटरी मात्र लगेच फेकू नका. ती उतरलेली असेल, मेलेली नसेल. ती काढून सावकाश चार्ज करा. सावकाश म्हणजे एएचच्या (अँपिअर-तास, बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप) दहाव्या भागाने: ९ एएचच्या बॅटरीला ०.९ अँपिअर, ५ एएचला अर्धा अँपिअर. ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या भरणाऱ्या मोठ्या चार्जरवर दुचाकीची बॅटरी तासाभरात भरून देतो म्हणणाऱ्याकडे ती सोडू नका. आतल्या प्लेटा वाकतात, त्यांवरचा मसाला सुटून तळाशी बसतो. चार्ज झाल्यावर कुठलीही वायर न जोडता रात्रभर ठेवा. सकाळी १२.६ असेल तर ती जिवंत आहे. १२.१ वर आली असेल तर तिच्यात वीज टिकत नाही.

शेवटची परीक्षा सेल्फची. भरलेली बॅटरी गाडीत बसवा, मीटर टर्मिनलला धरून ठेवा आणि दुसऱ्या कुणाला सेल्फ मारायला सांगा. आकडा खाली जाणारच. १० व्होल्टच्या वर राहिला तर उत्तम. साडेनऊच्या खाली, आठवर कोसळला तर बॅटरीत दम उरलेला नाही. मिस्त्रींकडे नेलेल्या माझ्या जुन्या बॅटरीचा आकडा उभ्या गाडीत चक्क १२.५ होता आणि सेल्फ मारताच ७.९. उभ्या गाडीतल्या आकड्यावर विसंबून राहिलं की माणूस असा फसतो.

पायरी २: गाडी बॅटरीला काय देते आणि तिच्याकडून काय चोरते?

बॅटरी गेली हे ठरलं तरी दुकानात जायची घाई नको. एखाद्या मित्राच्या गाडीची चांगली, त्याच मापाची बॅटरी तासाभरासाठी मागून घ्या किंवा जुनीच नीट भरून बसवा. गाडी चालू करा आणि टर्मिनलवर मीटर लावा.

आयडलिंगला आकडा १३ च्या आसपास असला तरी चालतो. ॲक्सिलरेटर मध्यमपर्यंत पिळला की तो १३.८ ते १४.५ च्या दरम्यान स्थिरावला पाहिजे. दिवा लावून, ब्रेक दाबून पुन्हा बघा, तेव्हाही १३.५ च्या खाली फार घसरू नये.

ॲक्सिलरेटर पिळूनही आकडा १२.५ वरच बसला, तर चार्जिंग येत नाही. कारण मॅग्नेटची कॉइल, आरआर युनिट किंवा त्या दोघांमधलं कनेक्टर. आधी कनेक्टर काढून बघा. जुन्या गाडीत त्याचं प्लॅस्टिक तपकिरी पडलेलं, पिन जळालेली सापडते. तेवढी पिन बदलली की चार्जिंग परत येतं, असं मी स्वतः दोनदा पाहिलं आहे. उलट आकडा १५ च्या पुढे गेला, तर माझ्या गाडीसारखी गत. आरआर युनिट बदलल्याशिवाय नवी बॅटरी बसवणं म्हणजे पैसे जाळणं.

आता चोरीचं बघू. चावी बंद. मायनसची वायर काढा. मीटर अँपिअरच्या सर्वांत मोठ्या रेंजवर ठेवून एक टोक बॅटरीच्या मायनसला आणि दुसरं त्या काढलेल्या वायरीला लावा. आकडा फारच लहान दिसला तर मिलिअँपिअरवर या. ही तपासणी चालू असताना चावी फिरवू नका आणि सेल्फच्या बटणाला तर हातच लावू नका, मीटरचा फ्यूज उडतो. जुन्या साध्या गाडीत आकडा जवळपास शून्य हवा. गाडीचा स्पीडोमीटर डिजिटल असेल तर एक-दोन मिलिअँपिअर.

कुठे २० मिलिअँपिअर दिसले तर हिशेब करा. दिवसाला ०.४८ एएच गळते. ५ एएचची बॅटरी पाच दिवसांत निम्मी. आठवडाभर गाडी उभी ठेवून गावाला गेलेला माणूस परत येतो आणि बॅटरीच्या कंपनीला नावं ठेवतो. चोर बहुतेक वेळा नंतर बसवलेला असतो: जीपीएस, अलार्म, मोबाइल चार्जर, थेट बॅटरीला जोडलेले ज्यादा दिवे. एकेक कनेक्शन काढत जा, आकडा कुठे पडतो ते दिसतं.

पायरी ३: जुनी बॅटरी वाचा, पण तिच्यावर विश्वास ठेवू नका

सेकंडहँड गाडीत आधीच्या मालकाने काय बसवलं होतं हे देवालाच ठाऊक. मी एका स्प्लेंडरमध्ये थर्माकोलचे तुकडे कोंबून बसवलेली दुसऱ्याच मापाची बॅटरी पाहिली आहे. म्हणून जुन्या बॅटरीवरचे आकडे लिहून घ्या आणि गाडीच्या पुस्तिकेशी ताडून बघा. पुस्तिका हरवली असेल तर त्या मॉडेलच्या सर्व्हिस सेंटरमध्ये विचारा, किंवा बॅटरी कंपनीच्या गाडीनिहाय यादीत मॉडेल आणि साल बघा. साल महत्त्वाचं. एकाच नावाच्या गाडीत किकचं मॉडेल आणि सेल्फचं मॉडेल यांची बॅटरी वेगळी असते.

तीन उदाहरणं देतो, म्हणजे अंदाज येईल. १९९४ ला आलेली हिरो होंडा स्प्लेंडर, जुनं किकचं मॉडेल: १२ व्होल्ट २.५ एएच, साबणाच्या वडीएवढी बॅटरी. माझ्या सालातली पल्सर १५०: १२ व्होल्ट ९ एएच. सेल्फची जुनी रॉयल एनफिल्ड क्लासिक: १२ व्होल्ट १४ एएच. तिन्ही बारा व्होल्टच्या, पण काम पूर्ण वेगळं. जुन्या स्प्लेंडरमध्ये स्पार्कची वीज मॅग्नेटच्या स्वतंत्र कॉइलमधून येते आणि हेडलाइटही मॅग्नेटवरच चालतो. बॅटरीकडे हॉर्न, इंडिकेटर आणि ब्रेक लाइट एवढंच. म्हणून बॅटरी मेली तरी ती किकवर चालू होते. (तशीच बॅटरीशिवाय महिनोन्महिने पळवू मात्र नका, बल्ब आणि फ्लॅशर उडत राहतात.) माझ्या पल्सरमध्ये सेल्फचा सगळा भार बॅटरीवर आहे. सेल्फ मारताना चाळीस-पन्नास अँपिअर सहज ओढले जातात. तिथे लहान बॅटरी क्षणभर चालेल, पण टिकणार नाही.

फार जुनी गाडी असेल तर आधी व्होल्ट तपासा. बॅटरीवरची पाण्याची झाकणं मोजा. तीन असतील तर सहा व्होल्ट, सहा असतील तर बारा. बल्बवरही ६ व्ही किंवा १२ व्ही छापलेलं असतं, ते वाचा. सहा व्होल्टच्या गाडीला बारा व्होल्टची बॅटरी लावून चालत नाही. मॅग्नेटची कॉइल, बल्ब, हॉर्न, फ्लॅशर सगळं बदलावं लागतं. जुन्या ब्रिटिश बनावटीच्या काही गाड्यांमध्ये तर प्लस चासीला जोडलेला असतो, तेव्हा वायरीचे रंग बघून गृहीत धरू नका.

मग फूटपट्टी घ्या. बॅटरीचं नको, गाडीतल्या खोबणीचं माप घ्या: लांबी, रुंदी, उंची, मिलिमीटरमध्ये. उंची मोजताना वर टर्मिनल, नट आणि रबरी पट्टा यांना लागणारी जागा सोडा. टर्मिनल सीटच्या लोखंडी पत्र्याला टेकलं की खड्ड्यात आदळताना ठिणगी पडते.

टर्मिनलची बाजू हा सगळ्यात फसवा भाग. बॅटरी अशी धरा की टर्मिनल तुमच्याकडे. प्लस उजवीकडे की डावीकडे? हे मोबाइलवर फोटो काढून दुकानात न्या. बॅटरीच्या नंबरातल्या एल, आर, ए, बी या अक्षरांत बाजू आणि वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीची जागा सांगितलेली असते, पण प्रत्येक कंपनीची पद्धत वेगळी. अक्षरावर जाऊ नका, डोळ्यांनी बघा. उलट्या बाजूची बॅटरी आली तर वायर ताणून बसवावी लागते, आणि कधीतरी रात्री घाईत कुणीतरी लाल-काळं उलटं जोडतं. मग फ्यूज उडाला तर नशीब. नाहीतर आरआर युनिट जातं.

पायरी ४: एएच वाढवावेत का?

दुकानात हमखास ऐकू येणारं वाक्य: “पाचच्या जागी सातची टाका, जास्त टिकते.” खोबणीत बसत असेल आणि टर्मिनल जुळत असतील तर थोडी मोठी बॅटरी गाडीला अपाय करत नाही. गाडी लागेल तेवढीच वीज ओढते. पण मॅग्नेट तोच आहे. शहरात दोन-दोन किलोमीटर फिरणाऱ्या गाडीत मोठी बॅटरी कधी पूर्ण भरतच नाही. अर्धवट भरलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेटचे कडक खडे धरतात आणि ते नंतर चार्ज करून निघत नाहीत. मोठी म्हणून घेतलेली बॅटरी लहानीपेक्षा आधी जाते ती अशी.

ज्यादा दिव्यांसाठी मोठी बॅटरी घेणाऱ्यांना मनापासून सांगतो, हिशेब आधी करा. वीस वॅटचे दोन फॉग लाइट म्हणजे ४० वॅट, साधारण ३.३ अँपिअर. जुन्या १०० किंवा १५० सीसी गाडीचा मॅग्नेट आधीचा भार सांभाळून एवढं ज्यादा देईलच असं नाही. मोठ्या बॅटरीने फक्त उतरण्याची वेळ तासा-दोन तासांनी पुढे जाते.

कमी एएचची मात्र कधीच घेऊ नका, दुकानात तीच शिल्लक आहे म्हटलं तरी. दुसऱ्या दिवशी परत या, पण लहान बॅटरी घेऊन जाऊ नका.

पायरी ५: पाण्याची, सीलबंद की लिथियम?

पाण्याची बॅटरी म्हणजे झाकणं असलेली, वर-खाली दोन रेषा छापलेली, आतलं ॲसिड दिसणारी. दुकानात ज्याला ‘ड्राय’ म्हणतात ती खरं तर कोरडी नसते. तिच्यातलं ॲसिड काचेच्या तंतूंच्या गादीत शोषलेलं असतं आणि वर दाबाची झडप असते. मेंटेनन्स फ्री, व्हीआरएलए ही तिचीच नावं.

जुन्या गाडीसाठी माझं मत स्पष्ट आहे. चार्जिंगचा आकडा १३.८ ते १४.५ मध्ये नीट बसत असेल आणि महिन्याला पॅनेल उघडून पाणी बघण्याची तुम्हाला सवय नसेल, तर सीलबंद घ्या. सांडत नाही, टर्मिनल कमी गंजतात. पण रेग्युलेटर जुना असेल, आकडा १४.८ च्या आसपास खेळत असेल, तर पाण्याचीच बरी. जास्त चार्जिंगमध्ये पाणी उडून जातं. पाण्याच्या बॅटरीत ते पुन्हा घालता येतं. सीलबंद बॅटरीत एकदा गेलं की गेलं, ती फुगते आणि संपते. मुळात १४.८ च्या आकड्याला आरआर युनिट बदलणं हेच योग्य, पण जुन्या मॉडेलचं चांगलं युनिट मिळेपर्यंत बरेचदा थांबावं लागतं.

लिथियमच्या बॅटऱ्या हलक्या असतात आणि सेल्फ झकास मारतात. तरी वीस वर्षांच्या गाडीत मी ती बसवणार नाही. या बॅटरीला चार्जिंग साधारण १४.६ च्या वर गेलेलं सोसत नाही, आणि जुन्या रेग्युलेटरची खात्री देता येत नाही. तो पैसा चांगल्या आरआर युनिटवर आणि चांगल्या साध्या बॅटरीवर खर्च झालेला बरा.

पायरी ६: दुकानात

फोटो, माप आणि नंबर घेऊन जा. गाडीही न्या. बॅटरीवर बनवल्याची तारीख सांकेतिक अक्षरांत छापलेली असते. ती दुकानदाराला वाचून दाखवायला सांगा. भरलेली सीलबंद बॅटरी तीन-चार महिन्यांपेक्षा जुनी घेऊ नका, कारण शेल्फवर पडून राहिलेली बॅटरीही हळूहळू उतरते. तुमचा मीटर खिशातून काढून तिथेच लावा. नवी सीलबंद बॅटरी १२.६ च्या खाली दिसली तर दुसरी मागा. चांगला दुकानदार यावर रागवत नाही.

काही बॅटऱ्या कोरड्या येतात आणि ॲसिड दुकानात भरतात. इथे सगळ्यात मोठा घोटाळा होतो. ॲसिड भरलं की ती लगेच १२ च्या वर व्होल्ट दाखवते, सेल्फही मारते, आणि दुकानदार म्हणतो, “गाडीवर होईल चार्ज.” ती होत नाही. ॲसिड प्लेटांत मुरायला अर्धा तास तरी द्यावा लागतो, आणि नंतर कमी अँपिअरवर काही तास पहिली चार्जिंग करावी लागते. ती चुकली तर बॅटरीची क्षमता जन्मापासून कमी राहते, नंतर कितीही चार्ज करा. माझी पहिली बॅटरी मला दहा मिनिटांत मिळाली होती. ॲसिडच्या बाटलीचं बूच माझ्यासमोर फोडलं, भरलं, पुसलं, बसवलं, आणि मी खूश होऊन घरी गेलो. आता मी सकाळी बॅटरी बुक करतो, ॲसिड भरून चार्जिंगला लावायला सांगतो आणि संध्याकाळी आणायला जातो.

वॉरंटी कार्डावर दोन मुदती असतात: एका मुदतीत बॅटरी गेली तर फुकट बदलून मिळते, त्यानंतरच्या मुदतीत नव्या किमतीवर ठरावीक सूट. किती महिने फुकट आणि किती महिने सवलतीत, हे वेगवेगळं विचारा. ‘चार वर्षं’ एवढ्या एका आकड्यावर खूश होऊ नका. कार्डावर गाडीचा नंबर, बॅटरीचा अनुक्रमांक, तारीख आणि शिक्का तिथेच भरून घ्या आणि पक्कं बिल घ्या.

जुनी बॅटरी दुकानातच द्या. तिच्या किमतीची वजावट मिळते, ती मागा. भंगारवाल्याला देऊ नका. आतलं शिसं विषारी आहे, आणि ॲसिड गटारात ओतून शिसं वितळवणाऱ्या भट्टीशेजारी कुणाची तरी मुलं खेळत असतात. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करून त्यांच्या पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकांवर आहे, त्यामुळे ती द्यायची योग्य जागा अधिकृत विक्रेताच.

पायरी ७: बसवणं

काढताना आधी काळी, मग लाल. बसवताना आधी लाल, मग काळी. मायनस जोडलेला असताना प्लसच्या नटावर पाना फिरवला आणि पान्याचं दुसरं टोक चासीला लागलं, की थेट शॉर्ट. ठिणगी हाताला बसते. चार्जिंग होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो, म्हणून जवळ विडी, उदबत्ती काही नको.

बॅटरी खोबणीत हलता कामा नये. खाली रबरी पॅड आहे का बघा, नसेल तर जुन्या ट्यूबचा तुकडा कापून ठेवा. वरचा रबरी पट्टा सैल पडला असेल तर नवा घ्या, तो किरकोळ किमतीत मिळतो. जुन्या गाडीत धक्क्यांनी बॅटरीच्या प्लेटा तुटतात, याकडे कुणी बघत नाही. नट घट्ट केल्यावर टर्मिनलवर पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्या. आधी जेली आणि मग वायर, असं नको.

पाण्याच्या बॅटरीला एका बाजूला नळी जोडायचं तोंड असतं. नव्या बॅटरीत त्यावर रबरी टोपी असते. ती काढा. न काढता बसवली तर आत दाब साचतो. मग पारदर्शक नळी जोडून ती जुन्या मार्गाने, चेन आणि सायलेन्सरपासून दूर, गाडीच्या खाली सोडा. कुठेही चिमटली जाऊ देऊ नका. माझ्या गाडीत एकदा मेकॅनिकने ही नळी आखूड कापली आणि टोक स्विंगआर्मच्या, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्याच्या, वर राहिलं. दीड-दोन महिन्यांनी चेन धुताना बघतो तर स्विंगआर्मवर हाताच्या पंजाएवढ्या जागी रंगाचे पापुद्रे सुटलेले, खाली लोखंड खडबडीत तपकिरी झालेलं, आणि चेनच्या चार-पाच कड्या ताठ, बोटांनी वाकवून वाकेनात. ॲसिडचा एकेक थेंब तिथे पडत होता. नवी चेन आणि स्प्रॉकेट घ्यावं लागलं. पंचवीस-तीस रुपयांच्या नळीची ही किंमत.

अंगावर ॲसिड उडालं तर घासू नका, भरपूर पाण्याने धुवा. डोळ्यात गेलं तर निदान पंधरा मिनिटं पाणी मारत राहा आणि लगेच डॉक्टरकडे जा.

पायरी ८: बसवल्यानंतर

गाडी चालू करून पुन्हा तीन आकडे घ्या: उभ्या गाडीत, सेल्फ मारताना आणि ॲक्सिलरेटर पिळून. ते वॉरंटी कार्डाच्या मागे तारखेसह लिहून ठेवा. वर्षभराने सेल्फचा आकडा ११ वरून १० वर आला की तुम्हाला आधीच कळेल, आडरस्त्यावर कळणार नाही.

पाण्याच्या बॅटरीत महिन्यातून एकदा पातळी बघा. खालच्या रेषेच्या जवळ आली तर वरच्या रेषेपर्यंत डिस्टिल्ड वॉटर घाला, त्याच्या वर नाही. आरओचं, पावसाचं, एसीच्या नळीतून गळणारं पाणी घालू नका. त्यातले क्षार आणि धातूचे कण प्लेटांवर बसतात. ॲसिडही घालू नका. बॅटरीतून उडतं ते पाणी, ॲसिड आतच राहतं. वरून ॲसिड घातलं की ते दाट होऊन प्लेटा खातं. आणि पहिल्या काही महिन्यांतच दर पंधरवड्याला पाणी लागायला लागलं, तर उन्हाळ्याला दोष देऊ नका, पुन्हा पायरी २ वर या आणि मीटर लावा.

गाडी तीन-चार आठवडे उभी राहणार असेल तर मायनसची वायर काढून ठेवा आणि टोकाला इन्सुलेशन टेप गुंडाळा. त्याहून जास्त दिवस असेल तर बॅटरी काढून घरात कोरड्या, थंड जागी ठेवा आणि महिन्या-दीड महिन्यातून एकदा कमी अँपिअरवर भरा. परत बसवताना टेप काढायला विसरू नका, आणि आधी लाल.